दाखल्यावरचे एकवीस हजार

बोईसरहून पालघर तसे लांब नाही. गाडीने निघाले तर मध्ये फक्त उमरोळी लागते. कामाला, कॉलेजला, कोर्टकचेरीला रोज असंख्य लोक ये-जा करतात. पण गुडघे गेलेल्या, एका डोळ्यात मोतीबिंदू असलेल्या आणि सोबतीला कोणी नसलेल्या म्हातारीला हाच प्रवास तीन-तीन वेळा करावा लागतो. एकदा तलाठ्याचा कागद राहिला म्हणून, एकदा आधारवरचे नाव रेशनकार्डाशी जुळत नाही म्हणून, एकदा साहेब मीटिंगला गेले म्हणून. शेवटी सगळे कागद जमतात आणि अर्ज एका आकड्यापाशी येऊन थांबतो. तो आकडा म्हणजे २१,०००.

श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजनेतून ६५ वर्षांवरील निराधार माणसाला महिन्याला १,५०० रुपये मिळतात. त्यासाठी एक तर कुटुंबाचे नाव दारिद्र्यरेषेखालच्या यादीत असावे लागते, नाहीतर कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असल्याचा दाखला द्यावा लागतो. गावांतली ती यादी २००२ च्या पाहणीवर उभी आहे. त्यानंतर बोईसरच्या चाळींत आलेल्या, वेगळे रेशनकार्ड काढलेल्या किंवा तेव्हा बरे चालले होते आणि आता मोडलेल्या घरांची नावे तिच्यात कुठून असणार? त्यामुळे बहुतेकांसाठी दुसराच दरवाजा उरतो, एकवीस हजारांचा.

हा आकडा जरा उलगडून पाहू. वर्षाला २१,००० म्हणजे महिन्याला १,७५० रुपये आणि दिवसाला साधारण साडेसत्तावन्न रुपये. एका माणसाचे नव्हे, अख्ख्या कुटुंबाचे. बोईसरमध्ये एवढ्या पैशात खोलीचे भाडे सोडा, दोन वेळचा चहा आणि पाव होणार नाही. ज्या घराचे उत्पन्न खरोखरच एवढे आहे, ते घर भीक मागून किंवा शेजाऱ्यांच्या ताटावर जगत असणार. आणि असे घर तहसीलपर्यंत जाण्याचे भाडे कुठून आणणार, हा पुढचा प्रश्न.

आमचे म्हणणे एवढेच आहे की गरिबीची ही मर्यादा गरिबांना शोधत नाही. ती गरिबाला खोटे बोलायला लावते आणि त्या खोट्यामुळे त्याचा हक्क मेहेरबानी होऊन बसतो. ही मर्यादा बदलली पाहिजे. आणि ती बदलेपर्यंत आपल्या मोहल्ल्यातले कोणी फक्त कागदामुळे मागे राहू नये, हे काम तुमच्या-आमच्यासारख्या मराठी लिहिता-वाचता येणाऱ्या तरुणांनी अंगावर घेतले पाहिजे.

एकच सरकार, चार फूटपट्ट्या

गरीब कोणाला म्हणायचे, हे सरकारने एकदा ठरवले असते तर आपण त्या आकड्यावर वाद घातला असता. पण आकडे चार आहेत.

रेशनच्या प्राधान्य यादीसाठी महाराष्ट्रात ग्रामीण भागात कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ४४,००० रुपयांपर्यंत आणि शहरी भागात ५९,००० रुपयांपर्यंत चालते. कारखान्यांनी वेढलेले बोईसर आजही ग्रामपंचायत आहे, म्हणजे तिथे ४४,०००. चष्मा, काठी, श्रवणयंत्र अशा साधनांसाठी ज्येष्ठांना एकदाच ३,००० रुपये देणारी मुख्यमंत्री वयोश्री योजना २०२४ मध्ये आली. तिची मर्यादा दोन लाख. त्याच वर्षी जुलैपासून सुरू झालेल्या लाडकी बहीण योजनेची मर्यादा अडीच लाख, आणि पिवळे किंवा केशरी रेशनकार्ड असेल तर उत्पन्नाचा दाखलाही नको. आणि श्रावणबाळ व संजय गांधी निराधार या दोन योजना, ज्या खास निराधारांसाठी आहेत, त्यांच्यासाठी २१,०००. फक्त दिव्यांगांना ५०,००० पर्यंत सवलत आहे.

आता एक खाला डोळ्यांसमोर आणा. ही कोणी एक विशिष्ट बाई नाही. तुमच्या-आमच्या ओळखीतल्या अनेकींची मिळून झालेली आहे. बोईसरला दोन खोल्यांचे भाड्याचे घर. नवरा दम्याने घरी बसलेला. मुलगा एमआयडीसीत ठेकेदाराकडे कामाला, सून घरी साड्यांना फॉल-बिडिंग करते. घरात केशरी कार्ड आहे. खालाला लाडकी बहिणीचे १,५०० रुपये येत होते. त्यातून नवऱ्याचा पंप आणि स्वतःच्या बीपीच्या गोळ्या भागत होत्या. मग तिला ६५ वर्षे पूर्ण झाली. लाडकी बहीण योजना २१ ते ६५ वयासाठी आहे, त्यामुळे पैसे बंद झाले. कोणीतरी सांगितले की आता श्रावणबाळचा अर्ज कर, तिथेही तेवढेच मिळतात. ती गेली. तिथे विचारले, उत्पन्न किती?

घर तेच आहे आणि मुलाची मजुरीही तीच. रकमेतही फरक नाही, दोन्हीकडे दीड हजारच. फरक इतकाच की कालपर्यंत अडीच लाखांच्या आतले घर गरीब होते आणि आज एकवीस हजारांच्या वरचे घर गरीब नाही. बाई म्हातारी झाली, कमावण्याची ताकद गेली, औषधे वाढली, आणि नेमक्या त्याच दिवशी सरकारच्या लेखी ती सुस्थितीत गेली. नवऱ्याला तर लाडकी बहीणही नव्हती आणि श्रावणबाळही नाही.

अडुसष्टावा दिवस

कोणी म्हणेल, मर्यादा कमी ठेवली म्हणजे खऱ्या गरजूंनाच लाभ मिळतो. मग सरकारचाच दुसरा एक दर घेऊ. रोजगार हमीची मजुरी महाराष्ट्रात २०२५-२६ साठी दिवसाला ३१२ रुपये ठरली. रोजगार हमी ही तर महाराष्ट्रानेच देशाला दिलेली कल्पना. १९७२ च्या दुष्काळात ती रुजली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. पुढे देशाच्या कायद्याने कुटुंबाला वर्षाला शंभर दिवस कामाची हमी दिली. शंभर दिवसांची मजुरी होते ३१,२०० रुपये. म्हणजे आपल्या जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्याच्या एखाद्या वारली कुटुंबाने हमीची सगळी कामे केली आणि बाकीचे वर्ष एक पैसा कमावला नाही, तरी ते श्रावणबाळच्या मर्यादेबाहेर जाते. हिशेब केला तर अडुसष्टाव्या दिवशीच त्याने एकवीस हजार ओलांडलेले असतात.

सरकार एका हाताने ज्याला गरीब समजून काम देते, त्यालाच दुसऱ्या हाताने पैसेवाला समजून पेन्शन नाकारते. हा कारकुनाचा दोष नाही. तो नियमाप्रमाणेच वागतो. दोष नियमात आहे आणि तो नियम दहा वर्षांहून अधिक काळ तसाच आहे. या काळात अनुदान ६०० वरून २०१९ मध्ये १,००० झाले, जुलै २०२३ पासून १,५०० झाले. सप्टेंबर २०२५ मध्ये दिव्यांगांसाठी २,५०० करण्याचा निर्णय झाला. रक्कम वाढवण्याची घोषणा करता येते, तिला टाळ्या पडतात. मर्यादा वाढवली तर रांग वाढते, म्हणून तिला कोणी हात लावत नाही.

मग लोक काय करतात? अशा घरापुढे दोन वाटा राहतात. खरे उत्पन्न सांगायचे आणि घरी परत जायचे, किंवा कागदावर एकवीस हजारांच्या आतला आकडा घालून घ्यायचा. दुसरी वाट चोखाळणाऱ्याला आम्ही गुन्हेगार म्हणणार नाही. मात्र तिची किंमत काय पडते ते बघितले पाहिजे. त्या कागदावर सही होते त्या क्षणापासून ती म्हातारी कोणाच्या तरी हातात जाते. दाखला मिळवून देणारा एजंट सांगतो, पहिल्या दोन महिन्यांचे पैसे माझे. निवडणुकीत कोणी येऊन सांगतो, तुमचे नाव आम्ही लावले आहे, विसरू नका. शेजाऱ्याशी भांडण झाले की तो म्हणतो, तक्रार करून बंद करून टाकीन. आणि अनुदान तीन महिने आले नाही तरी ती विचारायला जात नाही, कारण विचारायला गेले आणि कागद उघडले तर?

ज्या माणसाने हक्काची सुरुवातच खोट्या आकड्याने केली आहे, तो हक्क मागत नाही, तो मेहेरबानी सांभाळतो. एकवीस हजारांच्या मर्यादेने केलेले सर्वात मोठे नुकसान हेच आहे.

जवानी इथे गेली

तारापूर म्हटले की लोकांना १९६९ मध्ये सुरू झालेला अणुवीज प्रकल्प आठवतो. आपल्याला एमआयडीसी आठवते. रसायने, औषधे, कापड, पोलाद. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशातल्या औद्योगिक पट्ट्यांना प्रदूषणाचे गुण दिले, तेव्हा तारापूर पहिल्या क्रमांकावर होते. या हवेत आणि या पाण्यात तीस-पस्तीस वर्षे काढलेली पिढी आता म्हातारी होते आहे. त्यात इथलेच भूमिपुत्र आहेत, किनाऱ्यावरच्या गावांतले डायमेकिंगचे कारागीर आहेत, मनोर-कुडूसकडचे कोकणी मुसलमान आहेत, आणि उत्तर प्रदेश-बिहारमधून एकटे आलेले व नंतर इथेच संसार मांडलेले मजूरही आहेत.

यांतल्या कायम कामगारांना भविष्य निर्वाह निधीची पेन्शन तरी आहे. तिची किमान रक्कम सप्टेंबर २०१४ पासून १,००० रुपये आहे, पण निदान काही आहे. मात्र त्यासाठी दहा वर्षांची नोंदलेली सेवा लागते. ठेकेदाराकडे काम करणाऱ्याचा ठेकेदार बदलतो, नंबर बदलतो, मधले महिने कोरे जातात, काही ठेकेदार तर नोंदच करत नाहीत. तीस वर्षे घाम गाळलेल्या माणसाची कागदावरची सेवा दहा वर्षेही भरत नाही. त्याच्या म्हातारपणासाठी श्रावणबाळ ही शेवटची पायरी आहे आणि तीच एवढी उंच केली आहे.

त्यात आणखी दोन अडचणी. पहिली, महाराष्ट्रातल्या १५ वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा. भाड्याच्या खोल्या बदलत राहिलेल्या, करारपत्र कधी न पाहिलेल्या माणसाने तो कुठून आणायचा? दुसरी, बोटांचे ठसे. आयुष्यभर केमिकलमध्ये, सिमेंटमध्ये, भांड्यांत हात घातलेल्यांच्या बोटांवरच्या रेषा पुसट झालेल्या असतात. रेशनच्या दुकानातले यंत्र त्यांना ओळखत नाही, बँकेतलेही ओळखत नाही.

आणि मुसलमान म्हणून आपल्या वाट्याला येणारी एक खास अडचण आहे, नावांची. एका कागदावर मोहम्मद, दुसऱ्यावर मोहमद, तिसऱ्यावर नुसते मो. बाईच्या नावापुढे कुठे बी, कुठे बानो, कुठे खातून, कुठे काहीच नाही. जन्मतारीख म्हणून आधारवर एक जानेवारी ठोकून दिलेली. त्यात २०२५ च्या सुरुवातीला राज्यात उशिराने केलेल्या जन्मनोंदींच्या चौकशा सुरू झाल्या आणि आपल्या वस्त्यांमध्ये भीती पसरली. म्हातारी माणसे जन्माचा दाखला मागायलाच घाबरू लागली. काहींनी तर अर्जच सोडून दिला.

मुलांनी सांभाळावे, हे खरे आहे

या विषयावर बोलताना एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो आपल्या लोकांकडूनही येतो. आईबापाला मुलांनी सांभाळायचे असते, सरकारकडे हात कशाला पसरायचा? यातला पहिला अर्धा भाग आम्हाला शंभर टक्के मान्य आहे. कायदाही तेच सांगतो. २००७ च्या पालक आणि ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायद्याखाली आईवडिलांना मुलांकडून निर्वाह मागता येतो आणि त्यासाठी प्रांताधिकाऱ्यांपुढे न्यायाधिकरण आहे. जो मुलगा कमावतो आणि आईला टाकतो, त्याला हा कायदा दाखवायला आपण लाजू नये.

पण ठेकेदाराकडे राबणारा, दोन मुलांची फी भरणारा, भाड्याच्या खोलीतला मुलगा आईला टाकत नाही. तो तिला सोबतच ठेवतो, आणि नेमकी त्याचीच मजुरी तिच्या उत्पन्नात धरली जाते. जो टाकून गेला त्याची आई निराधार ठरते, जो सांभाळतो त्याची आई अपात्र होते. चांगल्या मुलाला ही शिक्षा झाली. पेन्शनचे दीड हजार रुपये मुलाची जागा घेत नाहीत. ते म्हातारीला मुलापुढे हात न पसरता गोळ्या आणू देतात, नातवाला दहा रुपये देऊ देतात. घरातली तिची इज्जत त्याने राहते.

दुसरा आक्षेप तिजोरीचा. तो खोटा नाही. पण ज्या तिजोरीने अडीच लाखांच्या मर्यादेची योजना एका वर्षात उभी केली, तिला म्हाताऱ्यांच्या वेळीच एकवीस हजार आठवावेत, हे पटत नाही. आणि सगळा भार राज्यानेच का घ्यावा? केंद्राच्या इंदिरा गांधी वृद्धापकाळ पेन्शनमधला वाटा ८० वर्षांखालच्या माणसासाठी महिन्याला २०० रुपये आहे. २००७ मध्येही तो २०० होता. तेव्हा दोनशेत काय येत होते आणि आज काय येते, हे कोणत्याही घरातल्या बाईला विचारा.

हक्क कोणाचा

आपल्या तरुणांमध्ये एक निराशा आम्हाला दिसते. सरकारी योजना आपल्यासाठी नसतात, आपल्या नावाचा अर्ज पुढे सरकत नाही, असे सहज बोलले जाते. वागणुकीत भेदभाव होत नाही असे आम्ही म्हणणार नाही. पण या योजनांच्या अटींमध्ये धर्माचा रकाना नाही. आणि इतिहासही लक्षात ठेवायला हवा. संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० मध्ये सुरू झाली, तेव्हा मुख्यमंत्री होते रायगडच्या आंबेतचे बॅरिस्टर अब्दुल रहमान अंतुले. कोकणातल्या एका मुसलमान मुख्यमंत्र्याने सुरू केलेली ही योजना मुसलमानांसाठी नव्हती. ती विधवा, परित्यक्ता, दिव्यांग, दुर्धर आजारी, ज्याला कोणी नाही अशा प्रत्येकासाठी होती. आजही घटस्फोट झालेल्या आणि पोटगी न मिळणाऱ्या बाईला तिच्यात जागा आहे. तलाकनंतर माहेरी येऊन बसलेल्या आपल्या किती बहिणींना हे माहीत आहे?

हजरत उमर यांच्याबद्दलची एक हकिगत आठव्या शतकातले काझी अबू युसूफ यांनी खराजवरच्या आपल्या ग्रंथात नोंदवली आहे. भीक मागणारा एक अंध म्हातारा यहुदी त्यांना दिसला. विचारले तर कळले, म्हातारपण, गरज आणि वर कर भरायचा आहे. उमर यांनी त्याला घरी नेले, काहीतरी दिले आणि खजिनदाराला सांगितले की याच्याकडे आणि याच्यासारख्यांकडे लक्ष द्या. ज्याची जवानी आपण खाल्ली त्याला म्हातारपणी वाऱ्यावर सोडणे न्यायाचे नाही, असा त्यांचा सूर होता. तो म्हातारा दुसऱ्या धर्माचा होता म्हणून मदत अडली नाही. बोईसरच्या कारखान्यांनी ज्यांची जवानी खाल्ली त्यांच्याबद्दल आपण यापेक्षा कमी मागू नये, आणि फक्त आपल्यांसाठी मागू नये. आपल्या चाळीतल्या खालाची आणि शेजारच्या पाड्यावरच्या वारली आजीची अडचण एकच आहे. रेशन आणि मजुरीच्या हक्कासाठी या जिल्ह्यात कष्टकरी संघटना आणि श्रमजीवी संघटना अनेक वर्षे लढत आल्या आहेत. त्यांच्याकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

स्वतःकडेही एकदा बघू. रमजानमध्ये आपण गरिबांना रेशनच्या किट वाटतो. चांगली गोष्ट आहे, ती थांबवू नये. पण एक किट महिनाभर पुरते. एक नीट भरलेला अर्ज वर्षाला १८,००० रुपये आणतो आणि म्हातारी जगेल तितकी वर्षे आणतो. त्यात घेणाऱ्याचा फोटो काढावा लागत नाही. जकात हा गरिबाचा हक्क आहे, देणाऱ्याचा उपकार नाही, असे आपण लहानपणापासून ऐकले आहे. सरकारी अनुदानाला तेच लागू करायला काय हरकत आहे?

रविवारचे एक टेबल

आता कामाचे. तुम्हाला मराठी येते आणि घरात उर्दू-हिंदीही येते. ही साधी गोष्ट वाटते, पण अर्ज मराठीत आहे आणि बोईसरमधल्या कितीतरी म्हाताऱ्यांना मराठी वाचता येत नाही. कोण इथला, कोण बाहेरचा, हे मनातून काढून टाकून मशिदीबाहेर, चाळीच्या जिन्याखाली किंवा वाचनालयात रविवारी दोन तास एक टेबल लावा. तीन जण पुरतात. काय करायचे ते असे.

पहिले काम नावांचे. आधार, रेशनकार्ड, मतदार यादी, बँक पासबुक समोर ठेवा आणि नाव व जन्मतारीख जुळते का पाहा. दुरुस्ती अर्जाआधी करा, अर्ज परत आल्यावर नाही.

दुसरे, वयाचा पुरावा. जन्माचा दाखला नसेल तर घाबरायचे कारण नाही. शाळा सोडल्याचा दाखला, रेशनकार्डावरचे किंवा मतदार यादीतले वय आणि यातले काहीच नसेल तर ग्रामीण किंवा नागरी सरकारी रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांचा वयाचा दाखला चालतो. वास्तव्यासाठी जुनी मतदार यादी, मुलांच्या शाळेचे दाखले, जुने रेशनकार्ड, लाइट बिल शोधून काढा.

तिसरे, बँक. आता पैसे थेट आधारशी जोडलेल्या खात्यात येतात, आणि शेवटी ज्या खात्याला आधार जोडले त्यातच येतात. दोन खाती असलेल्या माणसाला वाटते पैसे बंद झाले, आणि ते दुसऱ्याच बँकेत पडून असतात. ठसे उमटत नसतील तर डोळ्यांच्या स्कॅनने ओळख पटते का विचारा. वर्षाचा हयातीचा दाखला कोणाचा राहिला आहे, याची वही ठेवा.

चौथे, पोच. सेतूत किंवा तहसीलमध्ये दिलेल्या प्रत्येक कागदाची तारखेची पोच घ्या. उत्पन्नाचा दाखला ही २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यातली सेवा आहे. ठरलेल्या मुदतीत दाखला मिळाला नाही किंवा नाकारला गेला, तर ३० दिवसांच्या आत पहिले अपील करता येते. पेन्शनचा अर्ज फेटाळला तर कारण लेखी मागा. तोंडी नकाराला काही किंमत नसते.

पाचवे, ज्याला उत्पन्नाची अट आड येते त्यालाही रिकाम्या हाताने पाठवू नका. सत्तरी पूर्ण झालेल्या कोणालाही, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळते. ही योजना ऑक्टोबर २०२४ पासून आहे आणि योजनेतल्या रुग्णालयात वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार होतात. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी मोफत आहे, ६५ नंतर अर्धे तिकीट. वयोश्रीची मर्यादा दोन लाख आहे, तिथे खालाचा नवरा बसू शकतो.

सहावे, पैसे घेऊ नका, चहासुद्धा नाही. आणि कोणाला खोटा आकडा घालून देऊ नका. हे सांगताना आम्हाला जड जाते, कारण खरा आकडा सांगणारी बाई परत फिरेल. पण तिचे खरे उत्पन्न, वय, आजार आणि नकाराचे कारण वहीत लिहून घ्या, तिच्या परवानगीने. शंभर घरांची अशी वही हा शंभर भाषणांपेक्षा मोठा पुरावा असतो.

ती वही घेऊन काय मागायचे, तेही स्पष्ट असू द्या. श्रावणबाळ आणि संजय गांधी योजनांची उत्पन्न मर्यादा रेशनच्या मर्यादेच्या खाली तरी असू नये, आणि ती महागाईप्रमाणे आपोआप वाढावी. लाडकी बहिणीतून ६५ वर्षे पूर्ण होऊन बाहेर पडणाऱ्या बाईचे नाव नव्या दाखल्याशिवाय श्रावणबाळमध्ये जावे. सरकारकडे तिचे आधार, खाते आणि वय सगळे आहे. सोबत राहणाऱ्या मुलाची मजुरी आईच्या उत्पन्नात धरू नये. आणि पालघरला २०२१ मध्ये झालेल्या जिल्हा मुख्यालयाची भव्य इमारत आम्हाला आवडते, पण महिन्यातून एक दिवस तहसीलचे टेबल बोईसरला आणि तारापूरला यावे. म्हातारीने उमरोळी ओलांडण्यापेक्षा कारकुनाने ओलांडणे सोपे आहे.

पुढच्या रविवारी सुरुवात आपल्याच घरातून करा. आपल्या दादी-नानीचे आधार आणि पासबुक शेजारी शेजारी ठेवा, नाव जुळते का पाहा. मग शेजारच्या दारावर थाप द्या.